ज्याची त्याची जमीन : शिकारी पक्ष्यांच्या मागावर, सासवड ते वेंगुर्ला

शुक्रवार : सासवडचे माळ

जानेवारीचा दुसरा आठवडा. पूर्वेकडच्या कोरड्या माळापासून सुरुवात करायची, मग धरण, साताऱ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार, आंबोलीचं जंगल आणि शेवटी समुद्र, अशी वाट आखली होती. महाराष्ट्रात कुठला शिकारी पक्षी कुठं राहतो आणि तिथंच का राहतो, हे सलग बघायचं होतं. सोबत मावशी. ती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. पक्ष्यांशी तिला फारसं देणंघेणं नाही. "तुझं गिऱ्हाईक उडून जातं, माझं जागच्या जागी असतं," असं म्हणत तिने गवताची दोन जाडजूड पुस्तकं मागच्या सीटवर टाकली.

हडपसरच्या सिग्नललाच पहिला शिकारी पक्षी दिसला, तो म्हणजे घार. तिच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही, पण शहराचा कचरा, मटणाची दुकानं आणि उंच टॉवर यांच्याशी एवढं जमवून घेणारा दुसरा शिकारी पक्षी आपल्याकडे नाही. दिवे घाटाच्या पायथ्याशी चिंचेवर खारी अचानक चिरकायला लागल्या आणि सातभाईंनी गिल्ला केला. असा आवाज ऐकला की वर बघायचं. फांदीला चिकटून शिकरा बसला होता. लालभडक डोळा म्हणजे नर. मादीचा डोळा पिवळ्या-नारिंगीकडे झुकतो आणि ती नरापेक्षा चांगलीच मोठी असते. शिकारी पक्ष्यांत बहुतेक ठिकाणी हे असंच, बाई मोठी आणि बुवा लहान. शिकऱ्याला दाट जंगल लागत नाही. चिंच, आंबा, कडुनिंब अशी चार झाडं आणि खाली सरडे, खारी, चिमण्या एवढं असलं की त्याचं भागतं. पुण्याच्या सोसायट्यांमध्येही तो असतो, फक्त लोक त्याला कबुतर समजून सोडून देतात. याच्या रूपाचा फायदा पावशा उठवतो. पावशाची पिसं आणि उडण्याची ढब शिकऱ्यासारखी असते. त्याला पाहून सातभाई घाबरतात, आणि त्या गोंधळात त्यांच्या घरट्यात अंडं घालायला पावशाच्या मादीला संधी मिळते.

घाट चढून सासवडच्या पुढे गेलो. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा मागे पडल्या की जमीन उघडी होते. रस्त्याच्या कडेच्या तारेवर कापशी बसली होती. पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. मग ती उठली आणि हवेत एका जागी पंख मारत थांबली, पाय लोंबते ठेवून. खाली उंदीर असणार. उंदीर वाढले की कापशी वर्षातून पुन्हा पुन्हा वीण काढते. शेतकऱ्याचं एवढं फुकट काम करणारा पक्षी क्वचितच असेल, पण उंदरांसाठी टाकलेलं विष पहिल्यांदा तिच्याच पोटात जातं.

गाडी सोडून माळात शिरलो. मावशी पन्नास पावलांवर खाली बसली. "ही कुसळी. जास्त चराई झालेल्या जागी हीच उरते. मारवेल आणि पवन्या जनावरं आधी संपवतात." माझ्या मोज्यांत तोवर कुसळीची टोकं घुसली होती. थोडं पुढे कुंपण घातलेला तुकडा होता. तिथं मारवेल गुडघाभर उंच उभं होतं. मावशीने बोट दाखवलं आणि मी दुर्बीण लावली, तर नेमका त्याच तुकड्यावरून पहिला भोवत्या गेला.

भोवत्या म्हणजे हॅरियर. पंख उंच इंग्रजी व्हीसारखे धरून, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, डोलत डोलत गवतावरून जातो. चेहरा घुबडासारखा चपटा गोल. त्या गोलाईमुळे गवताच्या आतली खसखस त्याच्या कानात गोळा होते. हा पांढुरक्या भोवत्याचा नर होता, पंखांच्या टोकाला काळी पाचर असलेला. त्याच्यासारखाच, पण पंखावर काळी आडवी रेघ असलेला दुसरा असतो तो माँटेग्यूचा भोवत्या. दोघांच्या माद्या तपकिरी आणि शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या. त्या ओळखताना भलेभले भांडतात. मानेभोवती फिकट पट्टा दिसला तर पांढुरकी, हा ढोबळ नियम. दोन्ही जाती कझाकस्तान-रशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण काढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे येतात आणि मार्च-एप्रिलात परततात. इथं ते मुख्यतः टोळ, नाकतोडे, छोटे उंदीर आणि लहान पक्ष्यांवर जगतात. म्हणजे तिकडचं गवत सोडून येणाऱ्या पक्ष्याला इकडेही गवतच हवं असतं.

दुपारी बाभळीच्या ठेंगण्या फांदीवर तिसा सापडला. पांढरा डोळा, गळ्यावर काळी उभी रेघ आणि बसण्यात एक सुस्तपणा. हा इथलाच रहिवासी. त्याच्या पलीकडे आकाशात एक मोठा फिकट पक्षी वाऱ्यावर थबकला होता. पंखांची फडफड अगदी थोडी, डोकं खाली, नजर जमिनीवर. सापमार गरुड. मावशीला दुर्बीण दिली. "एवढा मोठा असून एका जागी थांबतो?" तिने विचारलं. माळावर साप दिसायचे तर उंचीच लागते, बसायला झाड कुठं आहे? हा पक्षी लक्षात ठेवा, आंबोलीत याचा व्यवसायबंधू भेटणार आहे.

संध्याकाळी भोवत्ये मुक्कामाला उतरताना पाहिले. ते झाडावर झोपत नाहीत. सूर्य कलला की एकेक करून येतात, गवतावर फेऱ्या मारतात आणि मग एकदम खाली बसतात, उघड्या जमिनीवर, एकमेकांपासून थोड्या अंतरावर. गुजरातेत भावनगरजवळच्या वेलावदरला असे हजाराहून अधिक भोवत्ये एका वेळी मुक्कामाला उतरलेले नोंदले गेलेत. आमच्या माळावर मोजके होते. ती जागा नेमकी कुठली हे मी सांगणार नाही. अशा जागा कळल्या की पुढच्या शनिवारी तिथं गाड्या घुसतात, आणि रात्री जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला त्यापेक्षा वाईट काही नाही.

त्या माळाच्या एका अंगाला खड्डे खणून ग्लिरिसिडियाची रोपं लावली होती. वर वृक्षारोपणाची रंगीत पाटी, खाली देणगीदारांची नावं. मावशी बराच वेळ पाटी वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "अरे, इथं झाड का नाही हे आधी कोणी विचारलं का?" माळाला 'पडीक' म्हणायची सवय सरकारी कागदांत इंग्रजांच्या काळापासून आहे. पडीक म्हटलं की काहीतरी लावावंसं वाटतं. झाडं मोठी झाली तर तिथं शिकरा येईल, भोवत्या येणार नाही. आणि शिकऱ्याला जागांची तशीही कमी नाही.

शनिवार : भिगवण आणि कडबनवाडी

भिगवणला उजेड व्हायच्या आत होडीत बसलो. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि इथला फुगवटा पाणपक्ष्यांचा अड्डा बनला. लोक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायला येतात, आम्ही रोहितांकडे पाठ करून पाणकणसाकडे बघत होतो. नावाडी दादांना ते चमत्कारिक वाटलं असावं, पण त्यांनी होडी वळवली. त्या पट्ट्यात मार्श हॅरियर, म्हणजे दलदलीतली भोवत्या फिरत होती. मादी गडद तपकिरी, डोक्यावर फिकट मलईचा टोप. ती आडवी गेली की वारकरी पक्षी आणि चक्रांग बदकं सगळी एकदम उठायची. सगळी उठतात तेव्हा कोण मागे राहतो, हे तिला बघायचं असतं. कालच्या दोघांची ही सख्खी नातेवाईक, उडण्याची ढब तीच, फक्त हिला गवताच्या जागी पाणकणीस लागतं.

पाण्यात बुडालेल्या वठलेल्या बाभळीवर मीनखाई घार, म्हणजे ऑस्प्रे बसली होती. दादा म्हणाले, "ती आली की आमी समजतो इथं मासा वर हाय." थोड्या वेळाने तिने सूर मारला, पाय पुढे करून, आणि हातभर अंतरावर पाण्यात गडप होऊन वर आली. पंजात चिलापी. मासा तिने डोकं पुढे करून धरला होता, वाऱ्याला अडू नये म्हणून. ऑस्प्रेचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे पुढे दोन आणि मागे दोन नख्यांनी मासा पकडता येतो. तळव्यांवर काट्यांसारखे खवले असतात आणि पाण्यात शिरताना नाकपुड्या बंद होतात. एवढी तयारी फक्त माशासाठी. म्हणूनच ती जगभर सापडते, पण मासे असलेल्या पाण्यापाशीच. किनाऱ्यावर आम्हीही चिलापीच खाल्ली, तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी. ऑस्प्रेच्या चवीबद्दल काही तक्रार नाही.

दुपारी इंदापूर तालुक्यातला कडबनवाडीचा माळ. इथं चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि वन विभागाने अलीकडे गवताळ सफारी सुरू केली आहे. माळावर गाड्या ठरलेल्या वाटेनेच जातात, ही चांगली गोष्ट. सोबतच्या वाटाड्याने लांब एका बांधावर बसलेला तपकिरी गोळा दाखवला. मोठा गरुड. आता भांडण सुरू: टॉनी की स्टेप? टॉनी गरुड इथलाच, स्टेप गरुड हिवाळ्यात मंगोलिया, कझाकस्तान, रशियाकडून येतो. वाटाड्या शांतपणे म्हणाला, "साहेब, तोंड बघा." चोचीच्या कडेची पिवळी पट्टी डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली. स्टेप. टॉनीची पट्टी डोळ्याच्या मध्यापर्यंतच थांबते.

स्टेप गरुड २०१५ पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'संकटग्रस्त' आहे. आपल्याकडे आला की तो मेलेल्या जनावरांवर गिधाडांसोबत बसतो आणि तिथंच अडकतो. डायक्लोफेनॅक या गुरांच्या वेदनाशामक औषधाने गिधाडं मेली हे सर्वांना माहीत आहे, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. पण बिकानेरजवळच्या जोरबीडला मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरात तेच औषध सापडल्याचं २०१४ मध्ये छापून आलं. गरुडांना त्याचं काही होत नसेल हा समज तिथं संपला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गरुड उंच उडतो, आकाशाचा राजा वगैरे आपण म्हणतो, आणि त्याचा जीव मात्र गावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनवर ठरतो.

मेंढरं घेऊन एक धनगर आजोबा भेटले. मी भोवत्याचं चित्र दाखवलं. त्यांनी ओळखलं. "हिवाळ्यात येतंय त्ये. गवात आसंल तवर ऱ्हातंय. वणवा लागला का न्हाई, की दुसऱ्या दिशी कुठं गेलं त्ये कळत न्हाई." मावशीने त्यांच्याशी गवताची नावं जुळवून पाहिली. त्यांच्या यादीत तिच्या पुस्तकातली बहुतेक सगळी होती, शिवाय कुठलं मेंढीला गोड लागतं ही माहिती जादा. मी बाजूला बसून टेकाडावरच्या दोन बोनेली गरुडांकडे बघत होतो. हे बहुधा जोडीनेच शिकार करतात. एक हुसकावतो, दुसरा धरतो. तितर आणि ससे यांच्यावर त्यांचा डोळा असतो, आणि रहायला खडकाळ टेकड्या लागतात. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी मुरुमाची खाण सुरू झाली होती. त्यावर जास्त काय बोलायचं.

रविवार : चाळकेवाडीचा सडा

फलटणमार्गे सातारा, कंदी पेढे, मग ठोसेघरच्या रस्त्याने वर. चाळकेवाडीचं पठार हजार मीटरांहून उंच आहे आणि त्यावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग फिरत असते. पावसाळ्यात फुलणारा हा सडा जानेवारीत सोनेरी-राखाडी झालेला. मावशी खडकांच्या फटींतले सुकलेले देठ गोळा करत होती. मी पक्षी शोधत होतो, आणि पवनचक्क्यांखाली मला फारसं काही दिसत नव्हतं.

हे नुसतं माझं दुर्दैव नव्हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर काम केलं आणि २०१८ मध्ये ते 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये छापून आलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते. त्याच भागात पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे, 'सराडा सुपर्बा', जास्त होते. खाणारा गेला की खाल्ले जाणारे वाढले, इथपर्यंत कोणालाही सुचेल. पण त्यांनी सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही मोजलं. ते कमी होतं, आणि माणूस जवळ आला तरी हे सरडे उशिरा पळायचे. म्हणजे भीती कमी झाली होती. गंमत पुढे आहे. हे निवांत सरडे वाळलेले होते. गर्दी वाढली, खाणं तेवढंच राहिलं. नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला होता. शिकारी पक्षी हटला की खालचं सगळं बदलतं, हे आपण पुस्तकात वाचतो. इथं ते सरड्याच्या अंगावर वाचता येतं.

पवनऊर्जा नको असं मला म्हणायचं नाही. घरी पंखा मीही लावतो. पण पवनचक्क्यांची पाती फिरवणाऱ्या वाऱ्यावरच गरुडही तरंगतो. चक्की कुठं उभारायची हे ठरवताना तिथं कोण उडतं याची पाहणी व्हायला हवी, आणि 'पडीक जमीन' हे उत्तर पुरेसं नाही.

चक्क्यांपासून लांब, कोयनेच्या बाजूच्या कड्यावर गेलो तेव्हा चित्र पालटलं. केस्ट्रल हा छोटा ससाणा कड्याच्या वाऱ्यावर थबकला होता, खाली एक तिसा, आणि मग दरीतून शाहीन ससाणा तीरासारखा वर आला. इथं एक गाठ सोडवायला हवी. ससाणा आणि शिकरा आपण एकाच माळेत ओवतो, दोघेही वाकड्या चोचीचे आणि मांसाहारी. पण ससाण्याच्या चोचीला खाच असते, तो भक्ष्याची मान चावून मोडतो. शिकरा, भोवत्या, गरुड पंजाने मारतात. २००८ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास झाला तेव्हा कळलं की ससाण्यांचं जवळचं नातं शिकऱ्याशी नाहीच, ते पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांशी आहे. मावशीला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा माझ्या पुस्तकात रस घेतला. वेगवेगळ्या कुळांतली झाडं वाळवंटात सारखीच काटेरी होतात, हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

सोमवार : रस्ता

दिवसभर गाडी. कराड, कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. कोल्हापूर ओलांडताना मनात आलं की या संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, आणि देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले होते. तेव्हा माळ 'पडीक' नव्हता, राखीव शिकारीची जमीन होता. उसाच्या शेतांवर कापशी दर दोन-तीन किलोमीटरवर तारेवर हजर. आजऱ्यापुढे हवा दमट झाली, झाडी दाटली, आणि कापशी दिसेनाशी झाली. जमीन बदलली हे कळायला पाटी वाचायची गरज पडली नाही.

मंगळवार : आंबोली

आंबोली साधारण सातशे मीटरांवर, पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं गाव. हिवाळ्यात मात्र सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या आणि वर लख्ख ऊन. महादेवगडाच्या टोकावर थांबलो. धुकं विरायला लागलं, दगड तापले, आणि वाफेवर स्वार होऊन पक्षी वर येऊ लागले. मोठे शिकारी पक्षी पहाटे कधीच उठत नाहीत. गरम हवा वर चढायला लागली की मगच. पहाटे पाचचा गजर लावून इथं येणाऱ्यांनी चहा पिऊन यावं.

पहिला आला सर्पगरुड, त्याच्या शिट्टीमुळे आधी कळला. लांबट, दोन-तीन टप्प्यांची शिट्टी, दरीभर घुमणारी. पंखाच्या कडेला रुंद पांढरा पट्टा. सासवडच्या सापमार गरुडासारखाच हा सापांवर जगतो, पायांवर तसेच जाड खवले. पण हा हवेत थांबत नाही. जंगलातल्या ओढ्याकाठी फांदीवर तासन्‌तास बसून राहतो आणि खाली हालचाल झाली की उतरतो. माळावरचा बसू शकत नाही म्हणून उडत शोधतो, जंगलातल्याला वरून जमीन दिसतच नाही म्हणून बसून शोधतो. धंदा तोच. सासवडचा गरुड आंबोलीत उपाशी मरेल आणि आंबोलीचा सासवडमध्ये.

मग काळा गरुड. हा मला सगळ्यांत जास्त आवडतो. पूर्ण काळा, पाय आणि चोचीचं मूळ पिवळं, पंख लांब आणि बोटं फाकलेली. झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ लागून इतका सावकाश उडतो की खाली पडेल असं वाटतं. घाई नसतेच, कारण तो घरटी शोधत असतो. अंडी, पिल्लं, कधी अख्खं घरटंच उचलून नेतो. पायाच्या नख्या इतर गरुडांपेक्षा कमी वाकड्या असतात, त्यामुळे घरट्यातला ऐवज नीट उचलता येतो. माळावर झाडाच्या शेंड्यांचा असा अखंड गालिचा नाही, म्हणून तिथं हा नाही. सह्याद्रीत रस्ते आणि तोडीमुळे तो गालिचा फाटत चाललाय, ते वरून याला सर्वांत आधी दिसत असेल.

दुपारी हिरण्यकेशीच्या वाटेवर. देवळाजवळच्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली, पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. पण आम्ही आलो होतो तीन भाऊबंदांसाठी. शिकरा गावाच्या कडेला आहेच. जंगलात त्याची जागा बेसरा घेतो, दिसायला शिकऱ्यासारखाच, पण गळ्यावरची उभी रेघ ठसठशीत आणि छाती जास्त गडद पट्ट्यांची. तिसरा क्रेस्टेड गॉसहॉक, डोक्यावर बारीक शेंडी, पाय जाडजूड. शिकरा मोकळ्या झाडीतला, बेसरा गर्द झाडीतला, गॉसहॉक उंच जुन्या जंगलातला. तिघांचेही पंख आखूड आणि शेपटी लांब. फांद्यांमधून वळायचं तर मोठे पंख आड येतात, शेपटी सुकाणूचं काम करते. पूर्वी तिघांनाही एकाच अ‍ॅक्सिपिटर वंशात बसवलं होतं. २०२४ मध्ये ही मोट फुटली. शिकरा आणि बेसरा टॅकिस्पायझा वंशात गेले, क्रेस्टेड गॉसहॉक लोफोस्पायझात. सारखे दिसतात ते जंगलाने घडवल्यामुळे, असं म्हणायला आता मोकळीक आहे.

बेसरा डोळ्यांपुढून एकदा तिरपा गेला, एवढाच. गॉसहॉकने मात्र कसर भरून काढली. जंगलाच्या वर एक पक्षी आला, पंख खाली वाकवून थरथरवत, शेपटीखालची पांढरी पिसं फुलवून दोन्ही बाजूंना बाहेर काढलेली. वीण जवळ आल्याचं हे त्याचं प्रदर्शन. जंगलात आत बसला असता तर आठवडाभर दिसला नसता.

परतताना एक मधुबाज भेटला, कबुतरासारखं बारीक डोकं आणि लांब मान. याला मधापेक्षा मधमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या हव्या असतात. चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी दाट, डंख आत जाऊ नये म्हणून. मावशीने त्याच्या झाडावरून नजर हलवली नाही. तो अंजनीवर बसला होता आणि अंजनीला कळ्या धरल्या होत्या.

बुधवार : वेंगुर्ला, निवती

घाट उतरला की तासाभरात हवा आणि भाषा दोन्ही बदलतात. वेंगुर्ल्याच्या बंदरावर ब्राह्मणी घारींची गर्दी होती. तांबूस अंग, पांढरं डोकं-छाती. होड्या लागल्या की टाकाऊ मासळीसाठी त्या कावळ्यांशी आणि साध्या घारींशी हुज्जत घालतात. पुण्याच्या सिग्नलवर साधी घार जे करते तेच इथं ही करते, फक्त हिला खारं पाणी, खाडी किंवा भातशेतीतलं साचलेलं पाणी लागतं.

पण आमचं खरं काम निवतीला होतं. किनाऱ्याजवळच्या वाडीत एका जुन्या आंब्यावर गाडीएवढं काटक्यांचं घरटं. खाली खाट टाकून बसलेल्या आजोबांना विचारलं. "काकण मगे? तो हयसरच ऱ्हवता. आमच्या आज्याच्या वेळेपासून घरटा आसा. दर्यातले साप खाता, खाली हाडां पडतत." मावशीने लगेच हाडं शोधली, आणि बारीक मणक्यांची एक माळ मिळाली. समुद्री साप.

काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. पंखांचा पसारा दोन मीटरांच्या आसपास, खाली पांढराशुभ्र, पंखांची मागची कड काळी, शेपटी पाचरीसारखी. जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काटक्या भरत राहते, म्हणून ते एवढं वाढतं. त्याला फक्त समुद्र पुरत नाही. किनाऱ्यालगत वजन पेलणारं उंच जुनं झाड हवं, आंबा, वड किंवा सुरू. समुद्र कुठं जात नाही, झाडं जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या गरुडांच्या घरट्यांचा माग किनाऱ्याने काढला. २००२ मध्ये वेळासला घरटी बघायला गेले असताना त्यांना कासवांची अंडी काढून नेली जात असल्याचं कळलं, आणि तिथून कोकणातलं कासवांचं संवर्धन उभं राहिलं. वेळासचा कासव महोत्सव बघायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल की त्याच्या मुळाशी एक गरुड आहे?

घरट्यात पिल्लू होतं, राखाडी-तपकिरी, आवाज करणारं. आम्ही लांबूनच पाहिलं. मालकांनी आंब्याचा मोहोर वाया जातो, फळं उतरवायला कोणी वर चढत नाही, असं कौतुकाच्या सुरात सांगितलं. झाड तोडायला गिऱ्हाईक आलं होतं का, असं मावशीने विचारलं. "येतत. दर वर्साक येतत. काकण हा म्हणून सांगतंय."

दुपारी होडीने समुद्रात थोडं गेलो. वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांच्या बाजूने एक काकण आला, पाण्याला पाय लावले, रिकामा परत उठला, पुन्हा आला. दुसऱ्या वेळी पंजात काहीतरी वळवळत होतं. नावाडी मामांनी न बघताच सांगितलं, "साप." तो किनाऱ्याच्या दिशेने गेला, बहुधा त्याच आंब्याकडे.

कुणाला ही वाट धरायची असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. भोवत्ये आणि स्टेप गरुड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गाठा, मार्च संपता संपता माळ रिकामा होतो. आंबोलीत गॉसहॉकचं प्रदर्शन जानेवारीपासून मार्चपर्यंत, सकाळी नऊनंतर. चाळकेवाडीचे सरडे गळा फुलवताना बघायचे तर एप्रिल ते जून, पण तेव्हा हिवाळी पक्षी नसतील. कडबनवाडीची सफारी आधी नोंदवा आणि वाटाड्या घ्या. काकणाचं घरटं दिसलं तर खाली घोळका करू नका, ड्रोन तर मुळीच नको. समोर ड्रोन आला की मोठे गरुड घरटं सोडून उडतात आणि पिल्लू उन्हात उघडं पडतं. आणि वेलावदरला जायचा विचार असेल तर राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, डिसेंबरातला मुक्काम दिवाळीच्या आधी पक्का करा.